३५० रुपयांची खांद्याची कप्पी : १४ महिने रोज वापरून

जून २०२३ मध्ये साताऱ्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून मी ही कप्पी आणली. ३५० रुपये पडले. खोक्यावर कंपनीचं नाव असं ठळक काही नाही, दोरी धरून बसलेल्या एका बाईचं चित्र आहे. आत एक प्लास्टिकचं चाक, नायलॉनची दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन मुठी आणि एक जाड पट्टा. पट्ट्याचं एक टोक गुंडाळून शिवलेलं, गाठीसारखं. ते दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे टाकायचं आणि दार लावून कडी घालायची. गाठ फटीतून निघत नाही, चाक अलीकडे लोंबत राहतं. मग खुर्ची ठेवून बसायचं, दोन हातांत दोन मुठी धरायच्या आणि चांगल्या हाताने खाली ओढायचं. दुखरा हात आपोआप वर जातो. एवढंच यंत्र.

या वस्तूने त्या जूनमध्ये माझं दुखणं वाढवलं आणि पुढच्या वर्षभरात याच वस्तूने माझा हात मला परत दिला. म्हणून नुसतं ‘चांगली आहे, घ्या’ एवढं लिहून भागणार नाही. फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडण्याचा आजार, झालेला माणूस रात्री दोन वाजता उठून बसतो आणि मोबाईलवर अशाच वस्तू शोधतो. मीही शोधत होतो. त्या माणसासाठी हे सगळं लिहितोय.

मी एसटीत कंडक्टर आहे. वय ५४, नोकरीला २६ वर्षं झाली. आमचा डावा हात कायम वर असतो. उजव्या हाताला तिकिटाचं मशीन, नोटा, सुटे पैसे. डाव्या हाताने वरची दांडी धरायची आणि स्टॉप आला की त्याच हाताने घंटीची दोरी ओढायची. एक टोला थांबायला, दोन टोले निघायला. मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला जाणारी गाडी असेल, तर वळणावर दांडी सोडून चालतच नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये, गावोगावच्या यात्रांच्या गर्दीत, त्या खांद्यात ठणका सुरू झाला. आधी वाटलं जास्तीच्या ड्यूट्यांनी आलंय. मग एके दिवशी बसल्याजागी मागच्या सीटवरची पाण्याची बाटली घ्यायला हात मागे नेला आणि अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन मिनिटं मशीन मांडीवर ठेवून तसाच बसलो. दिवसा कसंही निभायचं. खरी परीक्षा रात्री. त्या कुशीवर वळलो की जाग, उताणा झोपलो की हाताच्या वजनाने खांदा खाली ओढला जाऊन ठणका. पहाटे पाचच्या गाडीला जायचं आणि तीन वाजल्यापासून पलंगावर बसून हात कुरवाळायचा, असे दोन-अडीच महिने काढले.

डावा हात दुखतोय म्हटल्यावर घरची मंडळी घाबरली. आधी ईसीजी काढला, तो नीट आला. डाव्या हाताचं दुखणं असेल, त्यातून शुगर असेल, तर आधी हे करूनच घ्यावं. खांद्याला थांबायला वेळ असतो, हृदयाला नसतो.

पुढचे तीन महिने मात्र वाया गेले. पहिल्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांत थोडी झीज दिसली, मानेला पट्टा दिला. पन्नाशीतल्या कुणाच्याही मानेचा फोटो काढला तर थोडीफार झीज दिसतेच, हे मला नंतर कळलं. सहा आठवडे पट्टा बांधून तिकिटं फाडली, खांदा होता तिथेच. मग गावाकडच्या एकाने ‘खांदा उतरलाय, बसवून देतो’ म्हणून हात धरून हिसका दिला. पुढच्या दोन रात्री कशा गेल्या ते माझं मला ठाऊक. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, पैसेही घेतले नाहीत. पण असा हिसका कुणालाही देऊ देऊ नका. खांदा निखळलेला नसतो, आखडलेला असतो. आखडलेल्याला हिसका दिला की आतलं आवरण फाटू शकतं, हाडंही दुखावू शकतात.

त्याच सुमारास ही कप्पी घेतली. खोक्यावरचं चित्र बघून सकाळी ५० आणि रात्री ५० वेळा, जोर लावून ओढली. गाडीत घंटीची दोरी ओढतो तशीच. मनात एकच होतं, हात ढिला पडू द्यायचा नाही. पाचव्या दिवशी दंडापासून कोपरापर्यंत अशी आग झाली की जेवताना डाव्या हाताने ताटही धरता येईना. कप्पी खोक्यात घालून माळ्यावर टाकली. पंढरपूरच्या आषाढीच्या जादा गाड्या केल्या त्या उजव्या हातावर. घंटीसाठी दरवेळी अख्खं वळायचं, मशीन काखेत धरायचं आणि दोरी ओढायची.

ऑगस्टमध्ये हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि दहा मिनिटांत निदान झालं. त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण ते कुणालाही घरी आरशासमोर करून बघता येतं. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायची, हात कोपरात काटकोनात वाकवायचे, आणि पंजे दोन्ही बाजूंना बाहेर उघडायचे, दाराची दोन फळकुटं उघडावीत तसे. उजवा पंजा सहज बाहेर गेला. डावा समोरच राहिला, जेमतेम दहा अंश. मग डॉक्टरांनी माझं कोपर तसंच बरगडीला धरून स्वतः तो पंजा बाहेर वळवायचा प्रयत्न केला. तरीही तिथेच अडला. ते म्हणाले, “तुम्ही हलवलात तरी आणि मी हलवला तरी हात एकाच ठिकाणी अडतो. स्नायूची दोरी तुटली असती तर तुम्हाला उचलता आला नसता, पण मला उचलता आला असता. हा सांधाच आखडलाय.” खांद्याचा एक्स-रे काढला तो सांध्याची झीज किंवा चुन्याचे खडे नाहीत ना एवढं बघायला. तो स्वच्छ होता. एमआरआय सांगितला नाही, लागलाही नाही.

मग त्यांनी विचारलं, शुगर किती असते? सहा वर्षं गोळ्या चालू होत्या, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी दीड वर्षात केली नव्हती. ती ८.९ निघाली. थायरॉईडही तपासलं, ते नीट होतं. साध्या माणसांत शंभरात दोन ते पाच जणांना हा आजार होतो. मधुमेह असलेल्यांत तो कितीतरी पटींनी जास्त, चिवट, आणि दुसऱ्या खांद्यालाही होण्याची शक्यता अधिक. वय बहुतेक ४० ते ६०, आणि बायकांत जास्त. माझा तर दांडी धरून धरून खांदा झिजला असाच समज होता. प्रत्यक्षात मूळ शुगरमध्ये निघालं, निदान त्याचा मोठा वाटा. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी मानेचा पट्टा बांधण्याऐवजी आधी रक्त तपासलं असतं.

आत काय होतं तेही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. काखेच्या बाजूला ते सैल, झोळ पडल्यासारखं असतं. सदरा शिवताना शिंपी काखेत कापड थोडं सैल सोडतो, म्हणून हात वर करता येतो. तसाच हा झोळ. या आजारात त्या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं, आक्रसतं, झोळ मिटतो. कापडच उरलं नाही, मग हात वर जाणार कसा?

त्यांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. आधीच बजावलं होतं की शुगर वाढेल, रोज मोजा. चार-पाच दिवस उपाशीपोटीची २५० च्या पुढे गेली. गोळ्यांचा डोस त्यांनी आणि माझ्या शुगरच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून वाढवला, आठवड्याने उतरली. स्टिरॉइड या शब्दाला मी खूप घाबरलो होतो. पण इंजेक्शननंतर सहाव्या रात्री मी सलग पाच तास झोपलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा. सकाळी बायकोने विचारलं, “अहो, आज उठला नाहीत रात्री?” तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात होता तेवढाच आखडलेला होता, पण ठणका उतरला होता, आणि ठणका उतरल्याशिवाय व्यायाम होत नाही.

ऑपरेशन करून एकदाचं मोकळं होतं का, हेही विचारलं. त्यांनी सांगितलं की ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांचे तीन गट करून हेच तपासलं होतं. एका गटाला भूल देऊन हात मोकळा करून दिला, दुसऱ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन, तिसऱ्याला इंजेक्शन आणि शिस्तीत फिजिओथेरपी. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल आला. एक वर्षाने बघितलं तर कुठलाही एक उपाय बाकीच्यांहून ठळकपणे सरस ठरला नाही. “मग आधी स्वस्तातलं आणि कमी धोक्याचं करून बघू,” ते म्हणाले. मला हा माणूस इथेच पटला.

फिजिओथेरपीसाठी घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक मॅडम आहेत. एका खेपेचे ३०० रुपये. पहिल्या दिवशी त्यांनी कोन मोजायची पट्टी खांद्यावर ठेवून वहीत आकडे लिहिले. हात समोरून वर ९५, बाजूने ७०, बाहेर वळवणं १०. पाठीमागे अंगठा खिशापर्यंत. समोरून १८० म्हणजे पूर्ण. मी त्यांना अभिमानाने सांगितलं की कप्पी माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, “काका, सध्या तिला हात लावायचा नाही.”

हीच गोष्ट खोक्यावर लिहिलेली नाही आणि ती लिहिलेली असायला हवी. या आजाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली दुखायची, दोन ते नऊ महिने. त्यात सूज ताजी असते, ताणलं की भडकते. दुसरी आखडायची, चार महिने ते वर्षभर. ठणका कमी, पण हात लाकडासारखा. तिसरी सुटायची, ती पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतही चालते. कप्पी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची वस्तू आहे. मी ती पहिलीत, तीही दात-ओठ खाऊन वापरली होती.

मग सप्टेंबर-ऑक्टोबर फक्त लंबक. उजवा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं, डावा हात लोंबता सोडायचा आणि अंग हलवून त्याला झुलू द्यायचं. हात आपण हलवायचा नाही, तो घड्याळाच्या लंबकासारखा हलला पाहिजे. मला हे कळायलाच आठवडा गेला. २६ वर्षं ज्या हाताला धरून ठेवायची सवय, त्याला सोडून देणं फार अवघड. या व्यायामाला बॉस्टनच्या कॉडमन या सर्जनचं नाव आहे, आणि १९३४ मध्ये फ्रोजन शोल्डर हे नावही त्यांनीच दिलं. मॅडम उपचार करताना असं काहीबाही सांगत. जपानी भाषेत या आजाराला ‘पन्नाशीचा खांदा’ अशा अर्थाचं नाव आहे हेही त्यांनीच सांगितलं. गरम पाण्याच्या पेटीतून काढलेली जड पिशवी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर ठेवलेली असायची, आणि मला पहिल्यांदाच वाटायचं की हे माझं एकट्याचं नाही, तिकडे जपानातही कुणीतरी माझ्यासारखाच रात्री उठून बसला असेल.

दिवाळीत अभ्यंगस्नानाला स्वतःच्या पाठीला उटणं लावता आलं नाही, आणि पाडव्याला मॅडमच्या परवानगीने कप्पी माळ्यावरून खाली आली. आता वस्तूबद्दल.

चाक गुळगुळीत फिरतं. पहिल्या महिन्यात करकरलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकल्यावर गप्प झालं. पट्टा मजबूत आहे, १४ महिन्यांत उसवला नाही. दार मात्र पक्कं बंद पाहिजे आणि शक्यतो तुमच्या बाजूला उघडणारं नको, नाहीतर दोरीच्या ओढीने उघडतं. आमच्या घरात तिन्ही दारांत फक्त न्हाणीघराचं चाललं. शिवाय घरच्यांना सांगून ठेवावं लागतं. एकदा नातवाने पलीकडून दार उघडलं, चाक डोक्यात पडलं असतं, थोडक्यात चुकलं.

मुठी हा यातला सगळ्यांत वाईट भाग. बारीक आहेत, कडक प्लास्टिकच्या, घाम आला की निसटतात. ज्या हाताची पकड आधीच गेलीय त्याला अशी मूठ देणं चूक आहे. मी सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी कव्हरं ४० रुपयांना आणून चढवली. दोरीची गाठ आठव्या महिन्यात मुठीच्या भोकातून निसटली, हात वरून एकदम खाली आला आणि दोन दिवस ठणकला. तेव्हापासून दुहेरी गाठ मारतो आणि दर रविवारी ओढून बघतो. दोरी एकदा बदलली.

दोरीची लांबी ठरवणं महत्त्वाचं, आणि खोक्यात त्याबद्दल चकार शब्द नाही. खुर्चीत बसल्यावर चांगला हात मांडीपर्यंत खाली आला की दुखरा हात त्याला जमेल त्या टोकाला पोचला पाहिजे. दोरी लांब राहिली तर हात अर्ध्यातच अडकतो, आखूड झाली तर खांदा ओढला जातो. मी दोरीवर खुणेला लाल दोरा बांधला आणि दर महिन्याला तो सरकवत गेलो. मॅडमनी पहिले दोन महिने दाराकडे तोंड करून बसवलं, तसा ताण कमी पडतो. नंतर दाराकडे पाठ करून.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दुखऱ्या हाताने काहीही करायचं नाही. तो प्रवासी, गाडी उजवा हात चालवणार. सावकाश वर, टोकाला गेल्यावर पाच-दहा सेकंद थांबायचं, सावकाश खाली. एका वेळेला दहा-बारा, दिवसातून तीनदा. आधी दहा मिनिटं शेक. आणि समोर आरसा. आरशाशिवाय आपण स्वतःला फसवतो. हात वर जात नसला की खांदा कानाकडे चढतो, कंबर उजवीकडे झुकते, आणि आपल्याला वाटतं हात किती वर गेला! मी पहिल्या आठवड्यात १२० पर्यंत जातोय असं घरी सांगत होतो. मॅडमनी खांद्याचं पातं दाबून धरून मोजलं तर ९८.

दुखण्याचा हिशेबही त्यांनी दिला होता. ओढताना ताण जाणवला पाहिजे, थोडं दुखलं तरी चालेल, पण व्यायामानंतर अर्ध्या तासात ते शमलं पाहिजे. रात्रीची झोप मोडली तर आदल्या दिवशी जास्त झालं, उद्या कमी करायचं. जूनमध्ये मला हा एक नियम कुणी सांगितला असता तर!

कप्पी काय करत नाही तेही सांगतो. ती हात वर नेते. पण या आजारात सगळ्यांत जास्त जातं ते बाहेर वळवणं, आणि तिथे कप्पीचा जवळजवळ काही उपयोग नाही. त्याला काठी लागते. उताणं झोपायचं, कोपर अंगाशी, दोन हातांत आडवी काठी धरायची आणि उजव्या हाताने ढकलून डावा पंजा बाहेर न्यायचा. झाडूचा दांडा कापून घेतला, खर्च शून्य. आणि हात पाठीमागे न्यायला पंचा. उजव्या हाताने खांद्यावरून पाठीवर सोडायचा, डाव्याने कमरेशी धरायचा, वरून ओढायचं. तो व्यायाम सगळ्यांत उशिरा सुरू झाला आणि तोच सगळ्यांत जास्त दुखला. कुणी नुसती कप्पी घेऊन वर्षभर ओढत बसेल तर हात वर जाईलही, पण शर्टाच्या बाहीत शिरणार नाही.

बाहीवरून आठवलं. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. मॅडमच्या या एका वाक्याने रोज सकाळची पाच मिनिटांची तडफड गेली. झोपताना कोपराखाली आणि दंडाखाली उशी, म्हणजे हात मागे पडत नाही. आणि एक गोष्ट, जी कुणी उघड बोलत नाही. शौचाला डावाच हात लागतो आणि तो मागे जात नाही. मी महिनाभर कुढत काढला, बायकोलाही सांगितलं नाही. शेवटी ४५० रुपयांचा जेट बसवून घेतला. हे वाचणाऱ्या कुणाचा डावा खांदा धरला असेल तर त्याने कप्पीच्या आधी जेट बसवावा. माणसाचा आत्मविश्वास अशा ठिकाणीच खचतो.

बाकीच्या वस्तूंत वेळ घालवत नाही. फोनवरून मागवलेलं थरथरणारं मसाज मशीन, १,८०० रुपये, दुखऱ्या काळात नुसता छळ. लोहचुंबकाचा पट्टा, काहीही फरक नाही. रबरी गरम पाण्याची पिशवी चांगली, पण शुगरवाल्यांनी पंच्यात गुंडाळूनच वापरावी, कातडीला चटका लवकर कळत नाही. शेजारच्या वैद्यांनी सांगितलं की आयुर्वेदात याला अवबाहुक म्हणतात, आणि त्यांनी तेल दिलं. कोमट करून चोळलं की बरं वाटायचं, शेकाआधी मी ते चालू ठेवलं. आखडणं तेलाने सुटलं असं म्हणणार नाही.

फिजिओथेरपीला मी आठवड्यातून दोनदा, चार महिने गेलो. मग महिन्यातून एकदा, फक्त मोजायला. त्या वहीतले आकडे मला पाठ आहेत. समोरून वर: नोव्हेंबरात ९८, जानेवारीत ११२, मार्चमध्ये ११५. तिथे दोन महिने ठप्प झालं, एक अंश पुढे जाईना. मला वाटलं आता हेच आयुष्य. मॅडम म्हणाल्या, शुगर किती? लग्नसराईत वाढली होती. नुसत्या शुगरने खांदा अडला असं त्या म्हणाल्या नाहीत, पण दोन्हीकडे लक्ष द्या म्हणाल्या. जेवण सावरलं, रात्री चालायला लागलो, एचबीएवनसी जूनमध्ये ७.१ वर आली. खांदा जूनमध्ये १३५, गणपतीत १५०, डिसेंबर २०२४ ला १६५. बाहेर वळवणं ५५. पाठीमागे अंगठा कमरेच्या वर, बनियन खोचता येतो. पूर्ण नाही. मधुमेहात बरेचदा थोडं आखडणं मागे राहतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मला त्याचं दुःख नाही.

केळघर घाटात मी डाव्या हाताने पहिल्यांदा दोरी ओढली तो दिवस ऑगस्टमधला, पाऊस होता, काचा बंद. मेढ्याच्या पुढे एक म्हातारी उतरली, मी न वळता, न बघता हात वर केला आणि दोन टोले दिले. ड्रायव्हरदादांनी आरशात बघितलं. वर्षभर माझी घंटी उशिरा येते हे त्यांनीच सांभाळून घेतलं होतं, एक शब्द न बोलता. त्या दिवशी महाबळेश्वर स्टँडला त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

कप्पीला पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा मुठींसाठी कापला, एक पूर्ण खोक्यात मराठीत एक साधा कागद नसल्याबद्दल. दुकानदाराने विकताना निदान झालंय का, ठणका आहे का, एवढं तरी विचारायला हवं होतं. मी आता डेपोतल्या एका सहकाऱ्याच्या बायकोसाठी तिथूनच दुसरी आणली, किंमत ४२० झालीय, मुठी तशाच आहेत. वहिनींना अजून रात्रीचा ठणका आहे, म्हणून खोकं माझ्याकडेच ठेवलंय. सोमवारी त्यांची एचबीएवनसी आणि खांद्याचा एक्स-रे आहे, मीच सोबत जाणार आहे.